तालमीच्या फळ्यावरची चिठ्ठी

कोल्हापूर,
शुक्रवार, १२ ऑक्टोबर १९७९

प्रिय जरीना,

अक्षर ओळखलंस की पत्र चुलीत घालावंसं वाटेल. घाल, पण वाचून झाल्यावर घाल. चार यत्ता शिकलेल्या बाईनं तीन दुपारी बसून लिहिलंय, एवढी तरी कदर कर. आणि वाचताना जवळ घरातलं कुणी नसू दे. तुझी भावजय स्वभावानं चांगलीच असेल, मी तिला पाहिलेलंही नाही, पण ज्या घरात दोन बायका आहेत त्या घरात पत्र एकटीनंच वाचावं असं माझं मत आहे. वर्षभरात आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, म्हणून माझी मतं बदलली असतील असं समजू नकोस.

आधी इकडच्या बातम्या. चंद्री गणपतीत व्याली. रेडी झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. धोंडुबाईचा गुडघा दुखतोच आहे, तरी दुसऱ्याच्या दारात जायला तो कधी आड येत नाही. गणपतराव मास्तरांनी दात बसवून घेतलेत. आता ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांकडं बघून हसतात, आणि मला प्रत्येक वेळी वाटतं की हे काहीतरी मागायला आलेत. तुमच्या ओट्यापुढं कुणीतरी सायकल लावून ठेवतं. कोण लावतं ते मला माहीत आहे, पण तोंड उघडायचा मला काय अधिकार, म्हणून गप्प बसते. मी गप्प बसते हे वाचून तुला हसू येईल.

तू म्हणायचीस, “बायडे, तुझ्या डोळ्यात देवानं भिंगच बसवलंय, दुसऱ्याचं वाईट तेवढं मोठं दिसतंय.” मी तेव्हा तुला उत्तर दिलं नाही, आज देते. आमचा धंदाच संशयावर उभा आहे, जरीना. बाकीच्या गावांत दूध कॅनमधून घरोघर जातं आणि माणसं निमूट पितात. कोल्हापूरच्या माणसाला ते जमत नाही. त्याला चौकात म्हैस समोर उभी लागते, तिची कास धुतलेली दिसावी लागते, चरवी रिकामी आहे हे दाखवावं लागतं, आणि धार त्याच्या डोळ्यांदेखत पडली तरच तो ग्लास तोंडाला लावतो. मी नवी नवरी होते तेव्हा सासूनं पहिली गोष्ट शिकवली ती हीच, “रिकामी चरवी आदी पावण्याला दाव, मग धारंला बस.” अठ्ठावीस वर्षं मी सकाळ-संध्याकाळ रिकामं भांडं लोकांना दाखवत आले. अशा बाईला कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवायची सवय कुठून लागणार? हे सबब म्हणून सांगत नाही. सबब सांगायला हे पत्र लिहिलेलंच नाही.

मागच्या वर्षी श्रावणात ती पेटी आली, तिथून सगळं सुरू झालं. शहरातल्या चार मोठ्या माणसांनी, वकील, डॉक्टर, व्यापारी असल्यांनी, एक सुधारणा समिती काढली आणि पेठेपेठेतल्या तालमीत लाल रंगाची पत्र्याची पेटी पाठवली. ‘आपले कोल्हापूर राहण्यास चांगले व दिसण्यास सुंदर कसे होईल? नागरिकांनी सूचना द्याव्यात. नाव लिहिण्याची सक्ती नाही.’ आपल्या तालमीचे अध्यक्ष हंबीरराव, त्यांनी ती दारावर टांगली आणि किल्ली कमरेला लावली. मला तेव्हाच वास आला होता. मी तुला म्हटलं, ज्या पेटीत नाव लागत न्हाय तिच्यात चांगलं काय पडणार? तू हसलीस आणि म्हणालीस, “अगं, इतक्या वर्सांत कुणी इचारलं तरी का, बायांनो तुमाला काय पायजे म्हणून? इचारलंय तर सांगूया की.” मग तू ओट्यावर पाट मांडून बसलीस. तुझे मालक फक्रुद्दीनभाऊ एकीकडं भात्यानं निखारे फुलवून भांड्यांना कल्हई करत होते, नवसागराचा धूर सगळीकडं, आणि तू गल्लीतल्या अर्ध्या बायकांच्या चिठ्ठ्या लिहून देत होतीस. तुझी सातवी पहिल्या नंबरानं झालेली, अर्जाची भाषा तुला येते, अक्षर मोत्यासारखं. मी मात्र तुला काही लिहायला सांगितलं नाही. चिठ्ठी कुठं जाईल, कोण वाचेल, उद्या कशाला कारण होईल, कुणी सांगावं?

पेटी उघडली ती तालमीच्या पायरीवर, रविवारी, सगळ्यांसमोर. आपल्या पेठेत बंद खोलीत पेटी उघडली असती तर मारामारीच झाली असती. हंबीररावांनी पेटी उलटी करून झटकून दाखवली, आत काही चिकटून राहिलं नाही हे लोकांना पटलं, मग मास्तर एकेक चिठ्ठी वाचायला लागले. तू बायकांत पुढं बसली होतीस, मी खांबाला टेकून मागं. खरं सांगू? मला प्रत्येक चिठ्ठीमागं माणूस दिसत होतं. कोपऱ्यावर दिवा हवा, असं आलं. ती धोंडुबाई, तिला कोण कुणाकडं जातंय ते दिसायला पाहिजे. रंकाळ्याच्या काठावर सावलीत बाकडी हवीत. ते मास्तर, घरी बायको दुपारी झोपू देत नाही. पेठेच्या तोंडाशी कमान बांधावी आणि तीवर देणगीदारांची नावं कोरावीत. त्याला तर विचारच करावा लागला नाही, कमरेला किल्ली लावून समोरच उभे होते. पोरांनी चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं मागितलं. नळाला एक दिवसाआड पाणी आणि यांना कारंजं. कचराकुंडी पाहिजे असं सात जणांनी लिहिलं होतं, आणि सातही जणांनी ती दुसऱ्याच्या दारात सुचवली होती. लोक हसत होते, मीही हसले. मग भाजीवाल्या चिमणाबाईची चिठ्ठी निघाली. मंडईत दिवसभर भाजी विकणाऱ्या बायकांना जायला जागा नाही, तेवढी एक आडोशाची मोरी बांधून द्या. ती वाचल्यावर पुरुषांनी माना खाली घातल्या आणि कुणी टाळी वाजवली नाही. ती तूच लिहून दिली होतीस. मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला, हे मी तुला कधी सांगितलंच नाही.

त्यानंतर एक चिठ्ठी आली, बिननावाची. चौकातल्या म्हशींच्या कट्ट्यावर पत्र्याचं छप्पर घालावं, पावसात बायका भिजत धारा काढतात. मला वाटलं, यात काहीतरी मेख आहे. आज छप्पर देतील, उद्या छपराखाली उभं राहायचा दाखला मागतील. आणि तिच्यापाठोपाठ दुसरी आली. ती मला पाठ आहे. ‘सदर चौकात उभ्या करण्यात येणाऱ्या म्हशींमुळे शेण, घाण व माशांचा उपद्रव होतो. परगावच्या पाहुण्यांसमोर शहराची मान खाली जाते. तरी सदर जनावरे शहराबाहेर हलवण्यात यावीत.’ मास्तरांनी वाचली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. तू मात्र मान वळवून माझ्याकडं बघितलंस. तेव्हा त्या नजरेत मला काळजी दिसली. दुसऱ्या दिवशी तीच नजर मला चोराची वाटली.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या चिठ्ठ्या तालमीच्या फळ्यावर टाचून लावल्या होत्या. मी धारा झाल्यावर हात धुवून गेले आणि बघत उभी राहिले. म्हशींच्या चिठ्ठीवरचं अक्षर तुझं होतं. नुसतं तुझ्यासारखं नव्हे, तुझंच. तू ओळ पुरी लिहून घेतेस आणि मग सगळ्या अक्षरांवर एका दमात एकच लांब रेघ ओढतेस, दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखी, उजवीकडं जराशी वर चढत जाणारी. माझ्या माहेरी मी पाठवलेली सगळी पत्रं तूच लिहिलीस, ती रेघ मी ओळखणार नाही का? छपराची चिठ्ठीही त्याच हातची होती. दुसऱ्या कुणी तुला सांगून लिहवून घेतली असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आता साध्या बाईनं विचार केला असता, की जी छप्पर मागते ती हाकलून कशाला देईल? पण मी साधी नव्हते. मी म्हटलं, वा गं शहाणे, आधी कोपराला गूळ लावलास! म्हणजे उद्या विचारलं तर छपराची चिठ्ठी पुढं करायला मोकळी.

एकदा संशय आत शिरला की मागचं सगळं त्याच्या मदतीला येतं. कल्हई केलेल्या भांड्यांवर माशा बसतात म्हणून तू कधीतरी कुरकुरली होतीस, ते आठवलं. चंद्रीनं लाथ मारून कोळशाची पाटी उलटवली तेव्हा फक्रुद्दीनभाऊ दोन दिवस बोलले नव्हते, ते आठवलं. रमजान ईदला तू शिरखुर्म्याला दूध नेलंस तेव्हा पदर नाकाला लावला होतास, तेही आठवलं. तुला तेव्हा सर्दी होती, पण सर्दी काही मला आठवली नाही. दिवसभरात मी असा खटला उभा केला की वकिलानं हात टेकावेत. एकच गोष्ट केली नाही, तुझ्या दारात येऊन विचारलं नाही. तीस पावलांवर तुझं दार.

संध्याकाळी तू रोजच्यासारखी लोटा घेऊन आलीस. दहा-बारा माणसं उभी होती. आमचा सयाजी नुकताच बावड्याच्या साखर कारखान्यातून आला होता, कारकुनीची पिशवी खांद्याला, सायकल धरून कट्ट्यापाशी थांबला होता. तू लोटा पुढं केलास आणि मी तो उपडा करून तुझ्या हातात परत दिला. “म्हशी गावाबाहेर घालवायला निगालीस न्हवं? मग दूध बी गावाबाहेरनंच आण,” असं म्हणाले, आणि मग तोंडाला येईल ते बोलले. ते इथं लिहीत नाही. तुला ते विसरता आलं नसणार. तू एकदा माझ्याकडं बघितलंस, एकदा माझ्यामागं सयाजीकडं बघितलंस, आणि रिकामा लोटा घेऊन घरी गेलीस. मला वाटलं, तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणून नजर फिरवली.

एवढ्यावर मी थांबले असते तरी बरं झालं असतं. मी घराघरांत गेले. कुणाला सांगितलं, कुणाला नुसतं सुचवलं. पुढच्या महिन्यात समितीनं म्हशी हलवायचं ठरवलं, आणि लोकांचा राग समितीवर जायचा तो तुमच्यावर आला, कारण समिती कुठं राहते ते कुणाला माहीत नव्हतं आणि तुमचा ओटा समोर होता. दिवाळीआधी गल्लीतलं प्रत्येक घर पितळी भांडी कल्हईला काढतं. त्या वर्षी फक्रुद्दीनभाऊंकडं एक पातेलं आलं नाही. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, कळू दे. एकदा कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, “त्यांचं तसलंच असतंय.” जरीना, मी ते ऐकलं आणि चरवी धूत राहिले. सयाजीचे वडील गेले तेव्हा तेरा दिवस माझी चूल तू पेटवलीस, माझं पोर तुझ्या ताटात जेवून मोठं झालं, आणि मी ते वाक्य ऐकून घेतलं. बाकी सगळ्याची मला लाज वाटते, पण ह्या एका गोष्टीनं माझी झोप गेली आहे.

दिवाळीनंतर तुम्ही तुझ्या भावाकडं, इकबालभाऊंकडं, कबनूरला निघालात. तुमचं सामान टेंपोत चढत होतं तेव्हा मी चंद्रीच्या आड उभी होते. भाता शेवटी चढवला. इतकी वर्षं निखाऱ्यापाशी बसलेला माणूस आता यंत्रमागावर सूत जोडायला निघाला होता, आणि मी म्हशीच्या पाठीवरून ते बघत होते.

म्हशींचं पुढं काय झालं ते सांगते, म्हणजे तुला कळेल की हे सगळं किती फुकटचं होतं. आम्हाला नदीकडच्या रस्त्याला जागा दिली. तिथं आम्ही पौष-माघ काढला. गिऱ्हाईक कुरकुरत यायचं. एके दिवशी चंद्रीनं दावं हिसडलं आणि सरळ चौकात जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. मागोमाग बाकीच्या. माणसं ग्लास घेऊन आली, धारा झाल्या, आणि हंबीरराव स्वतः दूध पिऊन मिशा पुसत म्हणाले, “ऱ्हाऊ द्या आता, जनावराला काय कळतंय.” तेव्हापासून आम्ही परत चौकात आहोत. कमान तेवढी झाली. कारंजंही झालं, त्यात पाणी नाही. म्हशी परत आल्या, तुम्ही आला नाहीत.

आता खरी गोष्ट. दसरा झाला आणि माझ्या दिराच्या मुलीचं लग्न ठरलं. याद करायला पाहुणे घरी आले. देण्याघेण्याची, मानपानाची यादी दोन्हीकडच्यांसमोर लिहायची, मग सह्या. मास्तर गावाला गेलेले, म्हणून दीर म्हणाले, सयाजी कारखान्यात लिहायचंच काम करतो, त्याला बसवा. शाळा सुटल्यापासून त्यानं घरी सहीपलीकडं काही लिहिलेलं मी बघितलं नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. त्यानं ओळ पुरी केली, पेन डावीकडं नेलं, आणि सगळ्या अक्षरांवर एकच लांब रेघ ओढली. उजवीकडं जराशी वर चढत जाणारी.

मी सगळ्यांना चहा दिला. पाहुणे गेले. त्या वेळी मला आठवलं, की मी दोन्ही वेळा धारेला बसायची तेव्हा हा पाटी घेऊन तुझ्या ओट्यावर असायचा, आणि त्याचा हात धरून अ आ तू गिरवून घेतलास. त्याचं अक्षर माझ्या घरात कुठून येणार? ते तुझ्याच घरातून आलं होतं. साऱ्या गल्लीत मी अक्षराचा मालक शोधत फिरले, आणि शिकवणारीला धरलं. शिकणारा माझ्या पाठीमागं सायकल धरून उभा होता.

मी त्याला एवढंच विचारलं, “म्हशींची चिठ्ठी?” तो खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. त्या श्रावणात गगनबावड्याकडचे लोक त्याला बघायला आले होते, तुला आठवत असेल. मुलीच्या बापानं चौक ओलांडताना शेणात भरू नयेत म्हणून चपला काढून हातात घेतल्या. घरी चहा प्यायला, गोड बोलला, आणि पुढं निरोप आला नाही. “लाज वाटली गं आई. कोण वाचतंय असल्या चिठ्ठ्या, मनातली आग तेवढी काडली,” असं म्हणाला. मी हात उगारला, पण चोवीस वर्षांच्या पोराच्या गालाला तो लागेना. एवढी लाज वाटत होती तर त्यानं मला सांगितलं का नाही, याचं उत्तर मला माहीत आहे. मला काही सांगायची कुणाची छाती होत नाही.

मग त्यानं उरलेलं सांगितलं, आणि ते ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. छपराची चिठ्ठी तेवढी तुझी होती. ती चिठ्ठी टाकायच्या आधी त्यानं तुला दाखवली होती. तू म्हणालीस, “फाड ती. आईला तोंडावर सांग. रागावंल, पर ऐकंल.” त्यानं मान हलवली आणि तरी टाकली. म्हणजे मी लोटा उपडा केला तेव्हा तुझ्या तोंडात एक नाव होतं. नुसतं बोट दाखवलं असतंस तरी पुरलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी हा तुझ्याकडं कबूल करतो म्हणून आला, तर त्यालाच थांबवलंस. “आत्ता न्हाय. माझ्यावरचा राग निवंल तिचा, पोरावरचा निवायचा न्हाय. चार दिस जाऊ देत.” असं म्हणालीस ना? अगं वेडे, इतकी वर्षं माझ्या शेजारी राहिलीस आणि अंदाज चुकलास! चार दिवसांत राग निवणारी बाई मी होते का? तू माझा एवढा चांगुलपणा धरलास, तेवढा माझ्यात नव्हता. आणि हा गप्प राहिला वर्षभर. त्याच्याशी मी बोलते, पण पहिल्यासारखं नाही. पण घराबाहेर काढलं नाही. तू ज्याच्यासाठी गाव सोडलंस ते मोडायचा मला हक्क नाही.

समितीनं यंदाही पेटी पाठवली आहे. रविवारी उघडणार. या वेळी मी चिठ्ठी लिहिली आहे, आणि ती या पत्रात घातली आहे. वाच. ‘आमच्या चौकात फक्रुद्दीन कल्हईवाल्यांचा ओटा एक वर्ष रिकामा आहे. तो भरल्याशिवाय हा चौक राहण्यास चांगला होणार नाही. मागच्या वर्षीची म्हशींची चिठ्ठी जरीनाने लिहिली, असे मी सर्वांना सांगितले. ते खोटे होते. ती माझ्या मुलाने लिहिली. जरीनाला ठाऊक असून तिने आमच्या घरासाठी तोंड मिटून घेतले.’ खाली माझं पुरं नाव आहे, आणि त्याखाली सयाजीची सही. लोक बोललेले शब्द परत घेतील का, भांडी परत कल्हईला देतील का, मला सांगता येत नाही. पितळेच्या जागी आता स्टीलही येतंय. खोटं वचन मी देणार नाही. पण जे तू वर्षभर झाकून धरलंस ते तुला न विचारता उघडं करणं म्हणजे तुझ्यावर आणखी एक अन्याय. म्हणून चिठ्ठी अजून पेटीत टाकलेली नाही.

हे विचारायलाच पत्र लिहिलं. पोस्टात टाकणार नाही, पोस्टावर माझा कधीच भरवसा नव्हता. उद्या शनिवारी सयाजी स्वतः ते तुझ्या हातात देईल, आणि तू वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं मी त्याला बजावलंय. म्हणजे आत्ता तो तुझ्यासमोर उभा असेल. चिठ्ठी त्याच्या हातात परत दिलीस तर ती रविवारी वाचली जाईल. ठेवून घेतलीस तर तुझी मर्जी, मी वाद घालणार नाही. त्याला बस म्हण, नाहीतर म्हणू नकोस. आणि आणखी एक. तो खरंच दारापर्यंत येईल की नाही याची मला खात्री वाटत नाही, म्हणून मीही त्याच्याबरोबर येणार आहे. या आठ दिवसांत मी दोनदा एसटीनं कबनूरला आले, आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे तिथून दोन्ही वेळा परत गेले. तू हे वाचतेस तेव्हाही तिथंच उभी आहे. यायला सांगितलंस तर येईन. नाही सांगितलंस तर पाचच्या गाडीनं जाईन, धारेची वेळ असते. हाक मारणार असलीस तर मोठ्यानं मार, जरीना, तुमच्या त्या मागांच्या खडखडाटात इथवर काही ऐकू येत नाही.

तुझीच,
बायडा